उर्दू आणि मराठी एकाच ओळीत आली की मजकूर उलटापालटा का होतो, आणि तो नीट कसा दाखवायचा

काही वर्षांपूर्वी एका उर्दू माध्यमाच्या शाळेसाठी छोटं अ‍ॅप करत होतो, बक्षीस समारंभाची यादी त्यात दाखवायची होती. मथळा मराठीत, मुलांची नावं उर्दूत. वाक्य साधं होतं, "पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक अनुक्रमे" आणि पुढे स्वल्पविराम देऊन तीन नावं. डेटाबेसमध्ये क्रम बरोबर होता, सलमा पहिली, आरिफ दुसरा, नसीम तिसरी. स्क्रीनवर मात्र मराठी वाचणाऱ्याला सगळ्यात आधी नसीम दिसत होती आणि सलमा गेली शेवटी. कोणी डेटा बदलला नव्हता, कोडमध्ये सॉर्टिंगची चूक नव्हती. सलमाच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतलाय आणि जे कोणी नव्याने असलं काम करायला घेतंय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक सांगतो. या लेखात मी उर्दू किंवा हिब्रू अक्षरं टाकलेलीच नाहीत, इंग्रजी आकडेसुद्धा नाहीत, कारण टाकली तर तुमचा ब्राउजर किंवा तुमचं अ‍ॅप माझी उदाहरणंच फिरवेल आणि मी काय दाखवतोय ते तुम्हाला दिसणारच नाही. त्यामुळे जिथे [सलमा] असं चौकटी कंसात लिहिलंय तिथे समजायचं की हा शब्द उर्दू लिपीत आहे, उजवीकडून डावीकडे. चौकटी कंस मजकुराचा भाग नाही. आणि जिथे आकडा इंग्रजी आहे तिथे तसं शब्दांत सांगेन.

पायरी १: मेमरीतला क्रम आणि डोळ्याला दिसणारा क्रम वेगळा असतो, हे डोक्यात पक्कं बसवा

मराठी टाईप करणाऱ्याला हे खरं तर आधीच माहीत असतं, फक्त आपण त्याकडे कधी बघितलेलं नसतं. "कि" टाईप करा. आधी क दाबला, मग पहिली वेलांटी. फाइलमध्येही तसंच साठवलं जातं, आधी क मग वेलांटी. पण स्क्रीनवर वेलांटी क च्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते. कोणी फाइलमध्ये वेलांटी उचलून क च्या आधी ठेवत नाही, दाखवणारं सॉफ्टवेअर ती दाखवताना तिकडे नेतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ती नसलेल्या जुन्या, नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये मात्र वेलांटी खरंच आधी टाईप करायला लागायची, आणि म्हणूनच त्या फाइल्स आज युनिकोडमध्ये आणताना इतकी झटापट करावी लागते.

उर्दूचं अगदी हेच आहे, फक्त एका अक्षराऐवजी अख्खा शब्द किंवा अख्खं वाक्य हलतं. साठवताना क्रम बोलण्याचा, ज्या क्रमाने टाईप केलं तो. दाखवताना कुठलं अक्षर कुठे जाईल ते युनिकोडचा बायडायरेक्शनल, म्हणजे दोन दिशांचा, अल्गोरिदम ठरवतो, तो युनिकोडच्या अ‍ॅनेक्स ९ मध्ये लिहिलेला आहे आणि ब्राउजर, अँड्रॉइड, आयफोन, वर्ड सगळे कमीजास्त तोच वापरतात.

यातून पहिला नियम निघतो आणि तो कधीच मोडायचा नाही: स्ट्रिंग स्वतः उलटी करायची नाही. नवीन माणूस पहिली हीच गोष्ट करतो, मीपण केली. सर्टिफिकेटच्या पीडीएफमध्ये उर्दू नाव उलटं येत होतं म्हणून मी एक रिव्हर्स फंक्शन लावलं आणि नाव झकास दिसायला लागलं. मग नावाच्या पुढे तुकडीचा आकडा आला तर बाराचे एकवीस झाले. मग लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं, त्यात उर्दूचा सपोर्ट होता, त्यामुळे आता माझं रिव्हर्स आणि त्यांची मांडणी दोन्ही लागून सगळी नावं परत उलटी. जे फंक्शन मी दहा मिनिटांत लिहिलं होतं ते काढून टाकायला आणि डेटाबेसमध्ये शिरलेली उलटी नावं शोधायला आठवडा गेला.

पायरी २: कोणतं अक्षर कसं वागतं ते ओळखा

अल्गोरिदम प्रत्येक अक्षराला एक स्वभाव देतो. काही अक्षरं ठाम असतात, म्हणजे त्यांची दिशा ठरलेली. मराठी, इंग्रजी, गुजराती अक्षरं ठामपणे डावीकडून उजवीकडे. हिब्रू आणि उर्दू-अरबी अक्षरं ठामपणे उजवीकडून डावीकडे, त्यातही हिब्रूचा वर्ग वेगळा आणि अरबी लिपीचा वेगळा, हा फरक पुढे कामाला येतो. मग आकडे, ते अर्धवट ठाम. आणि स्पेस, उद्गारचिन्ह, कंस, अवतरणचिन्हं ही मंडळी बिनदिशेची, शेजारी कोण बसलंय त्यावर त्यांचं ठरतं. दोन्ही शेजारी उर्दू असतील तर मधला स्वल्पविराम आणि स्पेसही उर्दूच्या दिशेने जातात. एकीकडे मराठी एकीकडे उर्दू असेल तर परिच्छेदाची मूळ दिशा जी असेल ती लागते.

आता सलमाच्या यादीचं कोडं सुटतं. तीन उर्दू नावं, मध्ये स्वल्पविराम, स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना उर्दू, त्यामुळे अल्गोरिदमला वाटलं की हा एक सलग उर्दू वाक्याचा तुकडा आहे, आणि त्याने तो अख्खा तुकडा उजवीकडून डावीकडे मांडला. उर्दू वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण वाक्य मराठी, वाचणारा डावीकडून येतोय, त्याला शेवटचं नाव आधी भेटतं. अल्गोरिदम चुकलेला नाही, ही तीन वेगवेगळी नावं आहेत हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

आकड्यांचा भाग जरा निवांत वाचा, कारण मराठीवाल्यांना इथे एक वेगळाच अनुभव येतो. इंग्रजी आकडे अर्धवट ठाम आहेत, उर्दू शब्दाच्या मागे आले की ते उर्दूच्या गाडीला जोडले जातात. पण देवनागरी आकडे, आपले १ २ ३, हे युनिकोडमध्ये चक्क अक्षरांसारखे पूर्ण ठाम आहेत, डावीकडून उजवीकडे. फीच्या पावतीवर "[सलमा] २५० रुपये" असं छापायचंय, परिच्छेद मराठी. आकडा देवनागरीत असेल तर जसं लिहिलंय तसंच दिसतं. तोच आकडा इंग्रजीत टाईप केला तर तो उडी मारून नावाच्या डावीकडे जातो आणि दिसतं "२५० [सलमा] रुपये". रुपये एकटेच उरले उजवीकडे. टेस्टिंग करणाऱ्याने देवनागरी आकडे वापरले तर त्याला सगळं व्यवस्थित दिसतं, आणि गिऱ्हाईक इंग्रजी आकडे टाकतं तिथे मोडतं. "माझ्याकडे तर बरोबर येतंय" हे वाक्य या कामात फार ऐकायला मिळतं त्याचं एक कारण हे.

कंसाचंही तसंच. "[सलमा] (५) हजर" यात हजेरी क्रमांक देवनागरी असेल तर कंस जागेवर राहतो, इंग्रजी पाच असेल तर कंसासकट नावाच्या पलीकडे जाऊन बसतो. कंस उर्दूच्या दिशेत गेला की त्याचं चित्रही आरशासारखं फिरतं, हे ठरवून केलेलं आहे, उघडणारा कंस तिथे उजवीकडे हवा असतो. कोडमध्ये कंसांची अदलाबदल करून हे "दुरुस्त" करायला जाऊ नका.

तारखांवर तर मी वेगळं प्रकरण लिहू शकतो. उर्दू वाक्यात इंग्रजी आकड्यांत परीक्षेची तारीख लिहिली, पाच मार्च, ०५-०३ अशी, मध्ये साधी आडवी रेघ. दिसताना ती ०३-०५ दिसते, आणि पालक समजतात तीन मे. तिरकी रेघ टाकून ०५/०३ लिहिलं तर जागेवर राहते. कारण अरबी लिपीच्या अक्षरानंतर आलेल्या आकड्यांमध्ये तिरकी रेघ, पूर्णविराम आणि कोलन हे जोडणारे धरले जातात पण आडवी रेघ धरली जात नाही. आणि हिब्रूमध्ये तीच आडव्या रेघेची तारीख फिरत नाही, कारण हिब्रूचा वर्ग वेगळा. म्हणजे एकाच अ‍ॅपची चाचणी तुम्ही हिब्रूत केली आणि पास झालात म्हणून उर्दूत पास व्हाल असं अजिबात नाही.

फोन नंबरमध्ये स्पेस असेल, पाच आकडे स्पेस पाच आकडे, तर उर्दू वाक्यात मागचे पाच पुढे येतात. देशाचा कोड असेल तर अधिकचं चिन्ह ९१ च्या दुसऱ्या बाजूला जातं. लोक ते बघून कागदावर उतरवून घेतात आणि चुकीचा नंबर लावतात.

वेळेचं मात्र बघा, साडेदहा ते सव्वाअकरा असं आकड्यांत लिहिलं आणि मध्ये आडवी रेघ, तर उर्दू वाक्यात सव्वाअकरा डावीकडे दिसतील. हे बरोबर आहे! उर्दू वाचणारा उजवीकडून येतो, त्याला साडेदहा आधी भेटतात. फिरलेली प्रत्येक गोष्ट चूक नसते, म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एखाद्या उर्दू वाचणाऱ्या माणसाला दाखवा.

पायरी ३: परिच्छेदाची मूळ दिशा सांगा

परिच्छेद कुठल्या भाषेचा आहे ते आधी ठरवायचं. उर्दू परिच्छेदाची दिशा डावीकडून ठेवली की शब्द वाचता येतात पण वाक्याच्या शेवटचं उद्गारचिन्ह चुकीच्या टोकाला जातं. गंमत म्हणजे उर्दूचा स्वतःचा पूर्णविराम, ती छोटी आडवी रेघ, आणि उर्दूचं उलटं प्रश्नचिन्ह हे दोन्ही ठाम आहेत, ते जागा सोडत नाहीत. इंग्रजी टिंब टाकलं की ते पळतं. त्यामुळे एखाद्या मजकुरात काही वाक्यांचे शेवट बरोबर आणि काहींचे चुकीचे दिसले तर टाईप करणाऱ्याने दोन कीबोर्ड आलटून पालटून वापरलेत असं समजायचं.

उलट बाजूनेही होतं. उर्दू परिच्छेदाच्या शेवटी "सी++" लिहिलं तर दिसतं "++सी".

एचटीएमएलमध्ये यासाठी डिर नावाचा अ‍ॅट्रिब्यूट आहे, स्पेलिंग डी-आय-आर. त्याला तीन किमती देता येतात, एलटीआर, आरटीएल आणि ऑटो. पूर्ण पान उर्दू असेल तर एचटीएमएल टॅगवरच आरटीएल लावा, आतल्या सगळ्याला ती दिशा आपोआप मिळते. फक्त एखादा उतारा उर्दू असेल तर त्या उताऱ्याच्या टॅगवर लावा. इथे दोन गैरसमज कायम भेटतात. एक म्हणजे लँग अ‍ॅट्रिब्यूट उर्दू दिला की दिशा आपोआप येईल, तर येत नाही, लँग भाषा सांगतो, दिशा डिर सांगतो, दोन्ही द्यायचे. दुसरा म्हणजे टेक्स्ट-अलाइन राइट केलं की झालं. त्याने मजकूर उजव्या कडेला सरकतो फक्त, आतला क्रम तसाच चुकीचा राहतो, आणि लांबून बघितलं तर बरोबर वाटतं म्हणून हे जास्त वाईट. दिशा सीएसएसमधूनही देता येते पण देऊ नका, स्टाइलशीट लोड झाली नाही किंवा मजकूर दुसरीकडे गेला तर दिशा हरवते. दिशा हा मजकुराचा भाग आहे, सजावटीचा नाही.

वर्डमध्ये किंवा नोटपॅडमध्ये काम करत असाल तर उजव्या दिशेचा एखादा कीबोर्ड विंडोजमध्ये घातलेला असला की कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट दाबली की परिच्छेद उजवीकडून सुरू होतो, डावीकडची शिफ्ट दाबली की परत डावीकडून. ऑफिसमध्ये चुकून हे दाबलं जातं आणि मराठी पत्राचे पूर्णविराम अचानक ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन बसतात, फाइल करप्ट झाली म्हणून लोक घाबरतात, तेव्हा आधी डावी शिफ्ट दाबून बघा.

पायरी ४: प्रत्येक बाहेरून आलेल्या गोष्टीला कुंपण घाला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकी काही नाही केलं तरी हे करा. ज्या वाक्यात तुम्ही डेटाबेसमधून नाव, पत्ता, रक्कम, फोन नंबर असं काहीही आणून बसवता, ती प्रत्येक गोष्ट वेगळी बांधून ठेवायची म्हणजे तिच्या आतली दिशा बाहेर सांडत नाही आणि बाहेरची आत शिरत नाही. याला आयसोलेट करणं म्हणतात, मी कुंपण म्हणतो. कुंपणाच्या आतला मजकूर बाहेरच्या वाक्याला एका बिनदिशेच्या चिन्हासारखा दिसतो, बस.

वेबवर यासाठी बीडीआय नावाचा टॅग आहे. प्रत्येक नावाभोवती एक. सलमाच्या यादीत मी शेवटी एवढंच केलं, तीन नावांना तीन बीडीआय, स्वल्पविराम बाहेर, आणि क्रम सरळ झाला. तीनही नावांना मिळून एकच बीडीआय लावला तर काहीच फायदा नाही, कुंपण प्रत्येकाचं वेगळं पाहिजे. बीडीआय आतल्या पहिल्या ठाम अक्षराकडे बघून दिशा ठरवतो, डिर ऑटोही तेच करतो.

पहिलं ठाम अक्षर ही फक्त अटकळ आहे हे विसरू नका. उर्दू वाक्य मराठी किंवा इंग्रजी शब्दाने सुरू झालं, समजा आधी "पुणे" हा शब्द देवनागरीत आणि मग अख्खं वाक्य उर्दू, तर ऑटो म्हणणार हे डावीकडचं. म्हणून जिथे भाषा माहीत आहे तिथे अंदाजावर सोडू नका, डेटाबेसमध्येच नावाच्या शेजारी भाषेचा किंवा दिशेचा एक कॉलम ठेवा. फोन नंबर, ईमेल, वेबसाइटचा पत्ता, आयएफएससी कोड यांना तर सरळ एलटीआर द्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. फॉर्ममध्येसुद्धा नावाच्या खान्याला ऑटो आणि मोबाइलच्या खान्याला एलटीआर.

एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, नोटिफिकेशन, ईमेलचा विषय, इथे टॅग चालत नाहीत. तिथे युनिकोडची न दिसणारी चिन्हं वापरायची, यू+ च्या पुढे त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक लिहितात. कुंपण सुरू करणारी तीन आहेत, यू+२०६६ डावीकडून, यू+२०६७ उजवीकडून, यू+२०६८ आतलं बघून ठरव, आणि तिन्हींचं कुंपण बंद करणारं एकच, यू+२०६९. ही २०१३ साली युनिकोड ६.३ मध्ये आली, त्यामुळे इंटरनेटवरच्या त्याआधीच्या उत्तरांमध्ये तुम्हाला यू+२०२ए, २०२बी आणि २०२सी ही जुनी चिन्हं सुचवलेली दिसतील, ती आजूबाजूच्या मजकुरावर परिणाम करतात, नवीन कामात वापरू नका. मराठी मेसेजचं टेम्प्लेट "अमुक यांची फी जमा झाली" असं असेल तर अमुकच्या आधी यू+२०६८ आणि नंतर यू+२०६९. मेसेज लांब झाला म्हणून मध्येच कापला आणि बंद करणारं चिन्ह गेलं तर परिच्छेद संपला की कुंपण आपोआप बंद होतं, पण त्याच ओळीत पुढे काही जोडणार असाल तर गडबड होते, म्हणून आधी नाव कापा मग कुंपण घाला. अँड्रॉइडवर बायडी-फॉरमॅटर नावाचा क्लास हेच काम करून देतो.

यू+२००ई आणि यू+२००एफ ही अजून दोन चिन्हं आहेत, ही कुंपण नव्हेत, ही म्हणजे न दिसणारं एक ठाम अक्षर, पहिलं डावीकडचं, दुसरं उजवीकडचं. "सी++" च्या मागे यू+२००ई टाकलं की दोन्ही अधिक चिन्हं मराठी-इंग्रजी शेजाऱ्यांच्या मध्ये सापडतात आणि जागेवर राहतात. हाताने एखादं वाक्य नीट करायला फार उपयोगी, पण प्रोग्राममध्ये सरसकट पेरत सुटू नका.

पायरी ५: आत येताना चाळणी लावा, पण चाळणीची भोकं बघून

ही न दिसणारी चिन्हं कॉपी-पेस्टबरोबर येतात. कोणीतरी कॉन्टॅक्टमधून नंबर कॉपी केला, तुमच्या फॉर्ममध्ये पेस्ट केला, दिसायला दहा आकडे पण मोजायला बारा, आणि व्हॅलिडेशन म्हणतं नंबर चुकीचा आहे. माणूस दहादा बघतो, नंबर बरोबरच असतो. म्हणून मोबाइल, ईमेल, हजेरी क्रमांक अशा खान्यांमधून ही दिशेची चिन्हं काढून टाका.

पण, आणि हे मराठी माणसाने मराठी माणसाला सांगायलाच हवं, काढताना यू+२००बी पासून २००एफ पर्यंत सगळी रांगच उडवून देऊ नका. त्याच रांगेत यू+२००सी आणि यू+२००डी आहेत, पहिलं न जोडणारं आणि दुसरं जोडणारं चिन्ह. आपल्या "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला तो चंद्रकोरीसारखा र अनेक कीबोर्डवर र, हलन्त आणि यू+२००डी असा टाईप होतो, ते चिन्ह उडवलं की "ऱ्या" चा "र्या" होतो, रफार वर चढतो. एका ठिकाणी मी आडनावांची अशी वाट लागलेली पाहिलीय. उर्दू-फारसीतही त्या चिन्हांना अर्थ आहे. नाव आणि पत्त्यातून फक्त दिशेची चिन्हं काढा, ती कुठली ते वर दिली आहेत, त्यात यू+२०२डी आणि २०२ई ही दोन जबरदस्तीने दिशा लादणारी मिळवा.

त्या २०२ई ची वेगळी काळजी घ्या. ते टाकलं की पुढचा सगळा मजकूर, इंग्रजीसुद्धा, उलटा दिसतो, आणि त्याचा वापर फाइलचं नाव लपवायला होतो, दिसताना शेवट फोटोसारखा आणि खरं एक्स्टेन्शन प्रोग्रामचं. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की सोर्स कोडमध्ये अशी चिन्हं पेरून कोड वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसरं दाखवता येतं, त्याला त्यांनी ट्रोजन सोर्स नाव दिलं. त्यानंतर बऱ्याच एडिटरनी अशा चिन्हांचा इशारा द्यायला सुरुवात केली. तो इशारा बंद करू नका.

पायरी ६: फॉन्ट आणि पानाची मांडणी

उर्दू वाचणाऱ्यांना नस्तालीक, म्हणजे उर्दूचं नेहमीचं तिरकं वळण, हवं असतं, अरबी पद्धतीचं सरळ वळण त्यांना वाचता येतं पण आपल्याला कोणी मराठी वळणाऐवजी दुसऱ्याच वळणाची देवनागरी दिली तर जसं वाटेल तसं वाटतं. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो. नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरत येतो म्हणून ओळीला उंची खूप लागते, देवनागरीला दीडपट ओळ-उंची पुरते, तीच उर्दूला ठेवली तर वरचे नुक्ते कापले जातात, मी दोनपटच्या आसपास ठेवतो आणि बटणांच्या उंच्या फिक्स ठेवत नाही. आकारही थोडा वाढवावा लागतो नाहीतर शेजारच्या मराठीपुढे उर्दू चिमुकली दिसते.

मांडणीत लेफ्ट आणि राइट हे शब्द सोडून स्टार्ट आणि एंड वापरायला लागा. मार्जिन-लेफ्टच्या जागी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, टेक्स्ट-अलाइन स्टार्ट. अँड्रॉइडमध्येही स्टार्ट-एंड आणि मॅनिफेस्टमध्ये सपोर्ट्स-आरटीएल ट्रू. मग एकच कोड दोन्ही दिशांना चालतो. मागे जाण्याचा बाण फिरवायचा, कारण मागे म्हणजे उजवीकडे. व्हिडिओचं प्ले बटण, घड्याळ, बरोबरची खूण, लोगो आणि फोनचा कीपॅड फिरवायचा नाही.

पीडीएफ आणि चित्रं तयार करताना दोन वेगळे आजार ओळखायला शिका. उर्दू अक्षरं सुटी सुटी दिसतायत तर अक्षरजोडणी होत नाहीये. अक्षरं नीट जोडलेली पण शब्दांचा क्रम उलटा, तर दिशेचं काम होत नाहीये. अक्षरजोडणीसाठी हार्फबझ आणि दिशेसाठी फ्रीबिडी या दोन लायब्ररी बहुतेक ठिकाणी खाली काम करतात. पायथनच्या पिलो या चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीत राक्म हा मजकूर मांडणारा भाग चालू असेल तर दोन्ही होतं, आणि त्यानेच आपली देवनागरी जोडाक्षरंही नीट येतात, म्हणजे ज्याचं मराठी मोडतंय त्याचं उर्दूही मोडणार. नेटवर अक्षरं बदलून आणि क्रम फिरवून देणाऱ्या छोट्या लायब्ररी सुचवतात, नाइलाज असेल तर अगदी छापण्याच्या क्षणी वापरा, त्यातून निघालेली स्ट्रिंग कधीही साठवू नका.

पायरी ७: उर्दू येत नसेल तरी तपासा

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, एडिटर स्वतःच मजकूर फिरवून दाखवत असतो. उर्दू नाव, आकडा, परत उर्दू गाव अशी सीएसव्हीची ओळ नोटपॅडमध्ये उघडली की कॉलमची अदलाबदल झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात फाइल बरोबर असते, आणि कोणीतरी ती हाताने "सरळ" करून खरंच बिघडवून ठेवतं. शंका आली की स्ट्रिंगमधले कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक, एकेक करून ओळीखाली ओळ छापा. तिथे दिशा नसते, खरा क्रम दिसतो.

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पूर्ण मांडणी जबरदस्तीने उजवीकडून करण्याचा स्विच आहे, तो चालू केला की भाषा मराठी किंवा इंग्रजी ठेवूनही कुठे लेफ्ट-राइट ठोकून बसवलंय ते लगेच उघडं पडतं. आणि मजकुरासाठी माझा ठरलेला नमुना असा आहे: तीन उर्दू नावं स्वल्पविरामाने मराठी वाक्यात, उर्दू नाव आणि इंग्रजी आकड्यातली रक्कम, तेच देवनागरी आकड्यात, उर्दू वाक्यात आडव्या रेघेची तारीख, उर्दू वाक्यात अधिक ९१ आणि मध्ये स्पेस असलेला नंबर, उर्दू वाक्याच्या शेवटी इंग्रजी उद्गारचिन्ह, आणि देवनागरी शब्दाने सुरू होणारं उर्दू वाक्य. हे सात गेले की बरंचसं काम झालं. आठवं म्हणून "वाऱ्यावर" हा शब्द यू+२००डी सकट टाकतो, चाळणीने तो खाल्ला नाही ना बघायला.

कर्सरचं मात्र मनाला लावून घेऊ नका. दोन दिशांच्या सीमेवर डावा बाण दाबला की कर्सर भलतीकडे उडतो, सिलेक्शन दोन तुकड्यांत दिसतं. ते तसंच असतं, कारण मेमरीत सलग असलेला मजकूर स्क्रीनवर सलग नसतो. अशा ओळीत दुरुस्ती करायची तर उर्दू तुकडा वेगळ्या ओळीवर आणा, दुरुस्त करा, परत जोडा.

वेगळ्या ओळीवर असलं की सगळंच सोपं असतं खरं तर. खिशातली नोट काढून बघा, १५ भाषांच्या पट्टीत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, पण ज्याची त्याची ओळ वेगळी. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दू आहे, ज्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये कोर्टाने उर्दूला हरकत नाही म्हटलं, तिथेही दोन ओळी. पुण्यात १८७४ साली बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी हिब्रू आणि मराठीत हगादा, म्हणजे त्यांच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली, तेव्हा कुठला अल्गोरिदम नव्हता, दोन्ही दिशांची मांडणी माणसाच्या हातानेच व्हायची. आपल्या अ‍ॅपमध्ये तसा बसून बघणारा कोणी नसतो, नाव कुठलं येईल ते आधी माहीत नसतं. म्हणून तुमच्या कोडमध्ये आज एकच गोष्ट शोधा, जिथे जिथे वाक्यात नाव जोडलंय अशा जागा, आणि तिथे कुंपण घालायला सुरुवात करा. आमच्या शाळेच्या अ‍ॅपमध्ये अशा एकेचाळीस जागा निघाल्या होत्या, एका दुपारीत सगळ्या झाल्या.